अंशतः खरे आहे

टीव्हीवर विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास चालला होता. आमच्या आमदारताईंनी विचारलं, "खोऱ्यातली कॉलेजची बस बंद झाली, हे खरे आहे काय?"

"हे अंशतः खरे आहे," मंत्री म्हणाले.

रोज घाट पायी चढणारी माझी लेक म्हणाली, "काय हो बाबा, म्हणजे अर्धीच बस येते?"

मला मंत्र्यांची कीव आली. "दळण आणलंत?" या प्रश्नाला माझंही उत्तर अंशतःच असतं; डबा गिरणीत ठेवलेला असतो. पण बायकोचे उपप्रश्न थांबत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत पीठ घरात येतं.

ताईही खाली बसेनात. "मग मुली कॉलेजला जातात कशा?" शेवटी मंत्री म्हणाले, "सोमवारपासून बस सोडतो."

"हे खरे आहे काय?" लेकीनं मला विचारलं.

"अंशतः," मी म्हणालो. "पण ताई अजून उभ्याच आहेत."