जमीन नसलेल्या बाईची हरकत

“आपकी जमीन जा रही है इसमें?”

मोठ्या साहेबानं माइकवरून विचारलं. मी उभी होती. मांडवात सारं गाव बसलं होतं. समोर खुर्च्यांवर जमीनवाले, मागं ताडपत्रीवर आम्ही टोलीचे, गावाबाहेरच्या वस्तीचे.

मी म्हटलं, “नाही साहेब.”

“तो आप प्रभावित नहीं हैं. बैठ जाइए.”

माइकवाल्यानं माझ्या हातातून माइक ओढून घेतला. माझं अजून काही बोलून झालं नव्हतं. ‘आमचा नाला’ एवढेच दोन शब्द तोंडातून निघाले होते.

समोरच्या खुर्चीतून गावचा पटेल उठला. गावातल्या अर्ध्या धानाच्या बांध्या त्याच्या घरच्या. साहेबाले हसून म्हणाला, “इनका क्या है साहब. टोली के लोग हैं. नाला जिधर मुड़ेगा, ये भी उधर मुड़ जाएँगे.”

साहेब हसला. कंपनीचे लोक हसले. मंग सगळ्या खुर्च्या हसल्या. अन् सगळ्यात वाईट सांगू? मागं ताडपत्रीवरचेही चार-दोन जण हसले. आमचेच. साहेब हसला म्हणजे आपणही हसाले पाहिजे, असं वाटलं असंल त्याइले.

मी बसली.

थोड्या वेळानं भोंगा बंद झाला. नाश्त्याचे पुडे वाटले. साहेबाची गाडी धूळ उडवत परसवाड्याच्या रस्त्यानं गेली. झाली जनसुनवाई.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यात, परसवाड्याहून उकव्याकडे जाताना जंगलात लागते. गावाच्या वरच्या अंगाले टेकडीत एका खाजगी कंपनीची मँगनीजची खाण आहे. कंपनीले ती वाढवायची होती. त्याच्या आधी लोकाइले विचारा लागते म्हणून तो मांडव टाकला होता. खाणीतून निघणारा दगड-माती टाकाले जागा पाहिजे होती, अन् कंपनीनं जागा पाहिली ती आमच्या नाल्याच्या माथ्यावर.

नाला कोणाच्या नावावर नाही. सरकारी आहे. पण टोली त्याच्यावरच जगते. आमचे आजे-पणजे भंडाऱ्याकडून इकडं आले तेव्हा गावच्या विहिरीवर त्याइले चढू देत नव्हते. मंग आमच्या म्हाताऱ्याइनं नाल्याच्या रेतीत झिरी खोदली. रेतीत खड्डा करायचा, पाणी झिरपत वर येते, वाटीनं भरायचं. अजूनही उन्हाळ्यात टोलीच्या हँडपंपाले लाल पाणी येते. डाळ शिजत नाही त्याच्यात. तेव्हा आम्ही झिरीवरच जातो. माझी माय तिथं पाणी भरत होती, माझी सासू भरत होती, मी भरते.

हेच मले सांगायचं होतं. तेवढंच.

घरी आली तर नवरा दारातच बसून होता. तो त्याच खाणीत ठेकेदाराचं डंपर चालवते.

“तू काहून उभी झाली?”

“विचारून राह्यले होते म्हणून.”

“तुले नव्हते विचारत.”

त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. मारलं नाही, शिवी देल्ली नाही. ताट वाढलं का जेवे, आंघोळीले पाणी काढलं का घेई. बोलणं नाही. मारलं असतं तर मीही काही बोलली असती. ते मुकेपण कुठं धरावं ते समजत नव्हतं.

मी शाळेत पोराइचं जेवण बनवत होती. ज्या महिला समूहाकडे ते काम होतं, त्याची अध्यक्ष पटेलाची बायको. तिनं निरोप धाडला, कल से मत आना. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

टोलीतही तसंच. मी झिरीवर गेली का बाकीच्या बाया भरलेले-अर्धे पाण्याचे गुंड उचलून निघून जात. प्रत्येकीच्या घरचं कोणी ना कोणी खाणीत होतं, नाही तर लागणार होतं. त्याइचा राग करावा असंही वाटे, अन् करताही येत नव्हता. मी एकटी रेतीत बसून वाटीनं पाणी भरत राही. पाणी हळू येते. बसाच लागते.

तिथं बसून एकच गोष्ट डोक्यात फिरे. आप प्रभावित नहीं हैं. म्हणजे खाणीचा मले काही धक्का नाही. पाणी मी पेते, अन् प्रभावित पटेल? त्याच्या घरी तर बोअर आहे.

एक दिवस उठली अन् बालाघाटची बस पकडली. जयंतीच्या कार्यक्रमात एक वकीलबाई बोलली होती, तिचा पत्ता विचारत विचारत गेली. बाई गोंदियाकडची, कडक. माझं सारं ऐकून घेतलं अन् उलट मलेच विचारलं, “कायद्यात जमीन कुठं लिहिली आहे?”

“मले काय माहीत बाई.”

“मग साहेबाचं ऐकून बसलीस काहून?”

 तिनं चहा मागवला. मंग एकेक सांगत गेली.

“भोपाळ माहीत आहे ना? गॅसवालं? कोण मेलं तिथं? कारखान्याच्या भिंतीले लागून झोपड्या टाकून राहणारे. त्याइच्या नावावर कोणती जमीन होती? पाण्याचा कायदा या देशात त्याच्या आधीच होता. हवेचाही झाला होता. तरी भिंतीच्या आत काय साठवलं आहे, हे बाहेरच्या माणसाले विचारता येत नव्हतं. एवढी माणसं मेली तेव्हा दिल्लीत पर्यावरणाचा मोठा कायदा झाला. त्याच्या पोटातून पुढं नियम निघाले. खाण, धरण, कारखाना काढायच्या आधी तिथल्या लोकाइले विचारा. लोकाइले म्हटलं आहे. मालकाइले नाही. जो हजर आहे, त्याले प्रश्न विचारता येते. अन् जे बोलणं झालं ते शेवटी तिथंच, लोकाइच्या भाषेत वाचून दाखवा लागते. तुमच्याकडे वाचलं?”

“नाही. नाश्ता वाटला.”

बाई हसली नाही. म्हणाली, “ऐक. हा नियम दर काही सालानं कुरतडला जाते. याले सूट, त्याले सूट. उद्या तुमच्या गावाले विचाराची गरजच नाही म्हणतील. आहे तोवर वापर. सुनवाई परत घ्या, अशी हरकत मी लिहून देते. पण मांडवात मी तुझ्यासाठी बोलणार नाही. तू बोलशील.”

परत येताना बसमध्ये खिडकीपाशी बसली. बाहेर साल-बांबूचं जंगल, सारा ओळखीचा रस्ता. पण माझं ध्यान नव्हतं. एवढी वर्सं मले वाटे, कायदा म्हणजे पोलीस. कायदा म्हणजे पटेलाच्या अंगणात खाट टाकून बसलेला पटवारी. आपल्यासारखी हजारो माणसं मेली अन् त्याच्यातून एक कायदा उभा झाला, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेत नाही, टोलीत नाही. त्या मेलेल्या माणसाइनं माझ्यासाठी बोलाची जागा करून ठेवली होती, अन् पटेल मले तिथून उठवत होता.

हरकत दिल्लीले गेली. पुष्कळ दिवस काहीच नाही. मंग खाणीले मंजुरी देणाऱ्या दिल्लीच्या समितीनं कंपनीले कळवलं, सुनवाई परत घ्या.

ते समजलं त्याच दिवशी पटेल आमच्या अंगणात आला. त्याच्या खानदानातला कोणी माणूस टोलीत पाय ठेवताना मी पाह्यला नव्हता. “तेरे आदमी को परमानेंट करवा देंगे,” म्हणाला. “तू बस उस दिन घर पे रहना.”

नवऱ्यानं माझ्याकडं पाह्यलं. किती दिवसानं पाह्यलं. त्याचे डोळे मागत होते. मी त्याचा जीव जाणते, वाईट माणूस नाही तो. उन्हात डंपर चालवून चालवून त्याची पाठ गेली आहे.

मी म्हटलं, “मी जाणार.”

दोन दिवसानं तो आपले कपडे घेऊन खाणीच्या कॅम्पवर राहाले गेला. पोरगी नागपूरले नर्सिंग शिकते. तिचा फोन आला, “मम्मी, छोड़ दो ना. पापा रो रहे थे.” मी म्हटलं, “तू जेवली का?” फोन ठेवून किती वेळ चुलीपाशी बसली होती. चूल पेटवलीच नाही. एकटीसाठी काय पेटवायची.

दुसऱ्या सुनवाईले टोलीतलं कोणी आलं नाही. सारी ताडपत्री रिकामी, मधात मी. या बारीले साहेब दुसरा होता. माझी पाळी आली तशी उठली.  बोलली. नाल्याचं बोलली, झिरीचं बोलली, लाल पाण्याचं बोलली. माथ्यावर माती टाकाल तर पहिल्या पुरात ती आमच्या पाण्यात उतरेल, म्हणून सांगितलं. कोणी माइक ओढला नाही. कोणी हसलं नाही. कोणी ऐकलं असंही वाटलं नाही.

शेवटी बाबू कागद घेऊन भरभर वाचाले लागला. माझ्यावर आला तेव्हा एकच ओळ. “एक महिला ने पानी के संबंध में सुझाव दिया.”

मी उभी झाली.

“साहेब, सुझाव नाही. विरोध.”

“एक ही बात है.”

“एक नाही. सुझाव म्हणजे खाण करा, पण अशी करा. मी म्हटलं, नाल्याच्या माथ्यावर करूच नका.”

पटेल मागं वळून ओरडला, “बैठ जा!”

“नाही बसत.”

साहेबानं घड्याळ पाह्यलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. मी म्हटलं, “अन् एक महिला नाही. माझं नाव लिहा.”

बाबूनं साहेबाकडं पाह्यलं. साहेब गाडीकडं पाहत होता. बाबूनं पेन काढला. “पति का नाम?”

“माझंच लिहा. तो इथं नाही.”

त्यानं लिहिलं. मी म्हटलं, वाचा. त्यानं वाचलं. भोंग्यातून माझं नाव साऱ्या गावावर गेलं, अन् नावाच्या पुढं विरोध. घरोघरी ऐकू गेलं असंल. एकही दार उघडलं नाही.

खाणीले मंजुरी मिळाली. हे लपवत नाही. फक्त एक अट पडली, का नाल्यापासून लांब माती टाका. त्या अटीपायी टोलीतल्या एकदोन बाया माझ्याशी बोलाले लागल्या. मले वाटलं, चला, एवढं तर झालं.

उन्हाळ्यात डंपर नाल्याच्या माथ्यावर माती टाकाले लागले.

मी मोबाइल घेऊन टेकडी चढली. भर दुपारी, उघड्यावर टाकून राह्यले होते. अट कागदावर होती अन् माती नाल्यात होती. मी फोटो काढत गेली. एक डंपर वळून अगदी माझ्या समोर आलं. काचेच्या मागं माझा नवरा.

त्यानं मले पाह्यलं. डंपर थांबलं. इंजिन चालूच होतं. मले वाटलं, उतरेल. तो उतरला नाही. मंग मागचा भाग हळूहळू वर उचलला गेला अन् सारी काळी माती, गोटे नाल्यात गेले. मी फोटो काढला.

आता भोपाळले पर्यावरणाच्या कोर्टात केस टाकली आहे. वकीलबाई फोटो पाहत होती. त्या एका फोटोवर थांबली. माझ्या घरचं तिले माहीत आहे.

“हा काढून टाकू? बाकीचे पुरतील.”

बाकीच्यांत डंपराचे नंबर धुळीनं झाकले होते. ह्याचा सरळ दिसत होता.

“राहू द्या,” मी म्हटलं. “तोच पहिला लावा.”

तारीख लागली आहे. भोपाळ मी कधी पाह्यलं नाही. तिथं कुठं उतरायचं, कोण्या दारातून जायचं, ते विचारून घेतलं आहे. संगं कोणी येत नाही. साहेब विचारतील, तुमचा संबंध काय. सांगीन, ते पाणी मी पेते. अन् कोर्टाची सुटी झाली, घरी जा म्हटलं तरी, निकाल ऐकल्याशिवाय तिथून हालणार नाही.