घड्याळ लावून वळलेल्या मुठी

गोपिका म्हणजे पारशिवनीकडच्या नत्थूजीची पोर. बापाजवळ बसून अंबाडीच्या वाखाची दावी वळायले शिकली, लग्न होऊन सक्करदऱ्याले आली, आन गेली बावीस वर्षं ठेकेदार मनोहररावाच्या शेडमंदी लाकडी खोक्याले उचलायच्या दोरीच्या मुठी वळते. खोकी फौजेची. त्यात दारूगोळा जाते.

पहिले या मुठीचा दर ठरायले वरीस लागे. दोरीची पावती, मजुरीचा कागद, त्यावर शेरा, शेऱ्यावर उत्तर. मग फौजेच्या खरेदीचा नवा कायदा आला. कागदाची कटकट संपली म्हणे. अधिकारी येईल, काम पाहील, घड्याळ लावील. एका मुठीले जेवढी मिनिटं, तेवढ्याचा दर तीन वर्षं पक्का. हरकत असंल तर पंधरा दिवसांत, एकदाच. मनोहररावानं पेढे वाटले.

दीप्ती मॅडम घड्याळ घेऊन आल्या, तवा मनोहररावानं गोपिकाबाईलेच पुढं बसवलं. पाहुण्यासमोर बरं काम कोण झाकून ठेवते? तिनं सकाळी सकाळी दहा मुठी वळल्या, तीन-तीन मिनिटांत एकेक. मॅडमनं वाहवा केली. गोपिकाबाईनं विचारलं, अजून वळू का.

दराचा कागद आला तवा शेडमधल्या बाकीच्या दहा बायाईले समजलं. त्यांच्या हाताले सात मिनिटं लागत. मजुरी अर्ध्याच्याही खाली गेली होती.

बारा वर्षं तिच्या शेजारी बसणाऱ्या कांताबाईनं डबा उघडता उघडता सुनावलं, "तुले मॅडमसमोर शर्यत जिंकाची होती का वं? जिंकली. आता आमी काय खावाचं ते बी सांग."

मनोहरराव म्हणे हरकत घेऊ नका, ठेका दुसरीकडं जाईल. कांताबाई म्हणे लिहून दे, का मी खोटं काम दाखवलं. पण त्या दहा मुठीत खोटं काहीच नव्हतं. खोट होती ती दुसरीकडं, आन ती गोपिकाबाईनं सहा वर्षं कोणाले सांगतली नव्हती. अकरा वाजले का तिचा उजवा खांदा धरते. सकाळच्या वेगावर ती दिवसाचा आकडा कसाबसा भरून काढते. तेराव्या दिवशी तिनं पोरीकडून अर्ज लिहून घेतला: दहा मुठी नका मोजू, पुरा दिवस मोजा.

मॅडम पुन्हा आल्या, खुर्ची टाकून दिवसभर बसल्या. बाया डोळ्यानं सांगून राहिल्या होत्या, हळू वं, हळू. तिनं करून पाहिलं. पण दोरी हाती आली का बोटं आपल्याच चालीनं जात. अकरापर्यंत तीनच मिनिटं. कांताबाईनं तिच्याकडं पाहणं सोडून दिलं.

बारा वाजता एका मुठीले पाच मिनिटं लागली. तीन वाजता आठ. साडेचारले अकरा, तीही गाठ दोनदा सुटून. दिवसभराची सरासरी पाच मिनिटं निघाली. पहिलेइतकी मजुरी नाही मिळणार, पण अर्ध्याच्या वर.

दोन मोजणीत फरक काहून पडला, त्याचा रकाना भरणं भाग होतं. मॅडमनं लिहिलं: अकरानंतर कामगाराचा खांदा धरतो. खाली गोपिकाबाईची सही पाहिजे. मनोहररावानं तो कागद वाचला, चष्मा काढून पुसला आन म्हणाले, "गोपिकाबाई, हे फाईलले लागलं का मले तुमाले दिवसभर बसवता येणार नाही. सकाळचे दोन घंटे या. बाकी घरी."

ती मॅडमकडं वळली. "बाकीच्याईले हाच दर राहीन न? तीन वरीस?"

"हो."

"मंग द्या पेन."

सही करून तिनं खाली सांडलेले दोरीचे तुकडे गोळा केले. डावाच हात चालत होता. कांताबाई पिशवी घेऊन दाराशी उभी होती. म्हणाली, "सकाळी येशीन न?"

"येईन. दोन घंटे त आहेत."