चिठ्ठीत न लिहिलेली आंबील

भादवा लागला की कालिंदीचं डोकं फिरायचं. भाजीवाल्याशी भांडण, घरात आदळआपट, मुलाने फोन केला तर "हं" आणि "ठेव". नवरा गुणाकर, सिंचाई विभागातून रिटायर झालेला गरीब स्वभावाचा माणूस, तो म्हणायचा, "महालक्ष्म्या यायच्या आधी हिच्याच अंगात येते." सगळे हसायचे. कालिंदीला मात्र मुळीच हसू यायचं नाही.

का यावं? अठ्ठावीस वर्षं झाली. थोरली सून, म्हणून ज्येष्ठा-कनिष्ठा तिच्याच घरी उभ्या राहणार. त्यांना लुगडी नेसवा, डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगा, सोळा भाज्या निवडा, पुरण शिजवा, वडे तळा. साठ माणसं ढेकर देऊन गेली की दुपारी चारला आपण गार पोळी खा. माहेर होतं उकव्याला, सासरच्या बालाघाटहून बसने दीडेक तास. पण महालक्ष्म्या माहेरीही, आणि त्याच तीन दिवसांत! राखीला ती गेली, दिवाळीला गेली, बाप वारला तेव्हा गेली; या सणाला लग्न झाल्यापासून एकदाही नाही. "कैद आहे बाई कैद," शेजारणींना ती सांगायची, आणि सांगताना तिचे डोळे खरंच भरून यायचे.

यंदा आईचा फोन आला. शेवंताबाईंना एक्याऐंशी सरलं होतं. "कालिंदे, औंदा हातपाय चालून राह्यले माहे. पुढच्या सालचं कोनाले ठावं? एक डाव महालक्ष्म्याइले ये. मी वाढतो तुले."

रात्रभर कालिंदीला झोप नाही. सकाळी तिने चहाचे कप जरा जोरातच ठेवले आणि विषय काढला. घरचे नाही म्हणणार, मग आपण काय काय ऐकवायचं, तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

"जाय ना मंग," गुणाकर म्हणाला. "कोनी अडवलं?"

धाकटी जाऊ मंजुषा गावातच राहायची. ती तर संध्याकाळी धावत आली. "ताई, खुशाल जा तुम्ही. मी करतो ना सगळं, इथंच, तुमच्याच सैपाकघरात."

घ्या! कोणी अडवतच नाही म्हटल्यावर कालिंदीचा पाय घरातच रुतला. "तुले पुरण जमते का? फुलोरा कोन बांधन? मागच्या साली तुह्या भज्यात मीठ नव्हतं." मंजुषा शांतपणे म्हणाली, "लिहून द्या ताई."

कालिंदीने लिहून दिलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. खिरीत वेलदोडे किती, कोणत्या सवाष्णीला कुठे बसवायचं, सगळं. फक्त एक गोष्ट तिने लिहिली नाही. आंबिलीशिवाय महालक्ष्म्यांचा नैवेद्य होत नाही, आणि तिचं ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवून ठेवावं लागतं. पेन तिथे थांबलं, बाईने पान उलटलं आणि पुढे भज्यांचं लिहिलं. विसरली म्हणावं, तर अठ्ठावीस वर्षांत ती आंबील एकदाही विसरली नव्हती.

उकव्याला भावाच्या घरी आईने तिला पाटावर बसवलं. भावजय पोळ्या लाटत होती, म्हातारी तूप वाढत होती. किती वर्षांनी वाफाळती पुरणपोळी! आणि कालिंदी तुकडा मोडून नुसता तुपात फिरवत राहिली. तिकडे नैवेद्य झाला असेल. आंबीलच नाही म्हणून सासरची मंडळी एकमेकांकडे पाहत असतील. कोणीतरी म्हणालंच असेल, कालिंदी असती तर... तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, छान झालं सगळं! लोक बोटं चाटून राह्यले," मंजुषा बोलत होती. "चिठ्ठीत आंबिलीचं राह्यलं होतं तुमच्याकडून. पण वीस सालं झाले, मी पाहूनच राह्यली ना तुम्हाले. काल राती भिजवलं पीठ."

"बरं झालं," कालिंदी म्हणाली. फोन ठेवला आणि उठली. अर्धं ताट तसंच. पिशवीत साडी कोंबायला लागली. "चारची बस भेटन मले."

"काहून? काय बिघडलं तिकडं?" आईने विचारलं.

"काईच नाई बिघडलं!" कालिंदी ओरडली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. ती पिशवीशेजारी बसली. "आई, मी आंबिलीचं मुद्दाम नाई लिहिलं. बिघडावं वाटत होतं मले. देवीचं काम बिघडावं! कशी वं मी अशी?"

म्हातारी रागावेल, निदान देवीला हात जोडेल, असं तिला वाटलं. शेवंताबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली.

"माह्यी आई बी मले बलावे," त्या म्हणाल्या. "दरसाली निरोप ये. मी सांगो, सासू सोडत नाई. सासू बिचारी जाय म्हणे. मीच नाई जावो."

"काहून?"

"माह्यावाचून अडलं नाई तं? भेव वाटे."

"मंग कधी गेली तू?"

"आई मेली तवा. तेरवीपर्यंत तेराच्या तेरा दिवस राह्यली. इकडं सासूनं घर सांभाळलं. कोनाचंच काई अडलं नाई."

कालिंदीने पिशवी कोपऱ्यात सरकवली आणि ताट पुढे ओढलं. पोळी निवली होती.

"आई," ती म्हणाली, "दुसरी वाढ. गरम."