एक शेंगदाणा आणि माझा मित्र

सोलापूर स्टेशनवर पुण्याच्या गाडीत चढताना मी अण्णांना सांगितलं, "माझी काळजी करू नका, मला कधी काही होत नसतंय." चूक झाली. असं एकदा बोलून बसलं की जन्मभर तसंच वागावं लागतं. अण्णांनी खिडकीतून शेंगाचटणीचा डबा आत सरकवला आणि माझ्याकडं बघत राहिले, संशयानं.

पुण्यात पगार वाढला तशी छाती धडधडायला लागली. झोप तर पत्ता न सांगताच निघून गेली. त्यातच ऑफिसात माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं. सेशन घेणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवली. सावकाश चावा, सगळं लक्ष चवीकडं, मग मनात येईल ते मोकळेपणानं बोला, म्हणाल्या. माझ्या मनात एवढंच आलं, की जो बोलेल त्याचं नाव एचआरकडं जाणार. शेजारचा फारच शांत बसला होता, म्हणजे तो त्यांचाच माणूस. मी मनुका गिळून टाकली, "खूप प्रसन्न वाटतंय" म्हणालो आणि सटकलो. जाता जाता समुपदेशकाचा नंबर तेवढा घेतला. मोबाइलमध्ये 'गॅसवाला' म्हणून ठेवला. फोन कधी केला नाही.

तुम्ही तिकडं सोलापुरातच राहिलेले म्हणाल, मग घरी सांगायचं की. आणि माझ्यासारखे निघून आलेले विचारतील, कुठल्या तोंडानं? छातीसाठी मनाच्या डॉक्टरकडं गेलो हे कळलं तर गल्लीत माझं काय नाव पडेल, याचाच हिशेब मी करत होतो.

सुट्टीला जुळे सोलापूरला आलो तेव्हा एक शक्कल काढली. झोप उडालेल्या 'एका मित्राचं' निमित्त करून घरच्यांचंच सेशन घ्यायचं, आणि कोण काय म्हणतंय ते बघायचं. आई चटणीला शेंगदाणे भाजत होती. पातेलं पुढं ओढून मी आई, काकू आणि अण्णा, तिघांच्या हातावर एकेक दाणा ठेवला. सोलापुरात माणसाला एकच शेंगदाणा देणं हा अपमान आहे, हे पुण्यात राहून विसरलो होतो. आईला वाटलं, दाणे कच्चे राहिले म्हणून मी टोमणा मारतोय. काकूला वाटलं, मी कुठल्या बाबाच्या नादाला लागलोय; तिनं त्याची फी किती आणि अजून किती माणसं जोडायची, ते विचारून घेतलं.

मी मात्र बोलत सुटलो. मित्राची छाती, मित्राची झोप, डॉक्टरकडं जायची मित्राला वाटणारी लाज. पुण्यात "कसा आहेस" असं रोज दहाजण विचारतात आणि उत्तराआधी पुढं निघून जातात. इथं कुणी विचारत नाही, नुसतं बघत बसतात. पूर्वी त्या बघण्याचा राग यायचा. आता घर म्हटलं की तेच आठवतं.

अण्णांच्या हातावरचा दाणा तसाच होता. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"एक दाणा, एक दाणा म्हणत पातेलं तूच रिकामं केलास की. उद्या त्या मित्राला डॉक्टरकडं नेऊ. रिक्षात तू माझ्याशेजारी बस, त्याला वेगळी जागा लागत नसतीय."