खात नाही, लावते

कमलताईंनी तोंड उघडलं आणि मॅडम आणखी जवळ वाकल्या. हिरड्या मागच्या वेळेपेक्षा जास्त सोलल्या होत्या. खालच्या पुढच्या दोन दातांजवळ तर हिरडी आणखी खाली सरकली होती.

मी गुजरातेत, डिंडोलीत दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. औजारं धुते, वाफेच्या मशीनमध्ये ठेवते, पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरते. डॉक्टर मॅडम गुजराती आहेत. आमच्याकडे नवागाम, भेस्तान अशा आसपासच्या वस्त्यांतले खानदेशी लोक खूप येतात. मॅडमचं बोलणं मी त्यांना मराठीत सांगते. बाकी मी फारशी बोलत नाही.

कमलताई घरी बसून साड्यांचे धागे कापतात. कात्री धरून धरून त्यांचा उजवा अंगठा आखडला आहे. साधा ब्रश मागच्या दाढांपर्यंत फिरत नाही, म्हणून तिथे घाण साचून दगडासारखी झाली होती. ती मशीनने काढतात, त्याला स्केलिंग म्हणतात. मागच्या वेळी ते झाल्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, आता बॅटरीचा ब्रश घ्या, तो आपला आपण हलतो.

सोबत आलेली त्यांची सून लगेच मोबाईलवर ब्रश दाखवायला लागली. एक ब्रश तर मोबाईलला जोडायचा होता. कमलताईंनी विचारलं, मी दात घासले का नाही ते हा फोन गावभर सांगणार का? मॅडम हसल्या. म्हणाल्या, स्वस्तातला चालेल. केस मऊ पाहिजेत. डोकं लहान पाहिजे, म्हणजे दाढेच्या मागे जातं. दोन मिनिटं झाली की कळवणारा असला तर बरं. आणि पुढचं डोकं वेगळं विकत मिळालं पाहिजे, नाहीतर केस वाकले की अख्खा ब्रश कचऱ्यात. तसाच एक साधा, सेलवर चालणारा ब्रश त्यांनी घेतला.

आणि त्यानंतर हे असं.

मॅडमनी बारीक सळईने दात आणि हिरडीमधली फट मोजली. तिला पॉकेट म्हणतात. पॉकेट वाढलंय असं मी सांगितलं, तर कमलताई म्हणाल्या, "चला, आमचं कुठलं तरी पॉकेट वाढलं." पण खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर हिरडी उघडून आतून साफ करायची आणि टाके घालायचे. मी सांगितल्यावर कमलताईंचं तोंड उतरलं. त्यापेक्षा सगळे दात उपटून टाका, म्हणाल्या.

हिरड्या इतक्या का सोलल्या, हे मॅडमनाही कळत नव्हतं. ब्रश तर बरोबर होता. त्यांनी तो आणायला सांगितला होता. कमलताईंनी पिशवीतून काढून दिला. केस काळेभोर झाले होते. मॅडमना वाटलं, कोळशाची पेस्ट असेल. त्यांनी वास घेतला आणि ब्रश माझ्याकडे दिला. मिशरी होती. मिशरी म्हणजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी उठल्यावर बोटाने ती दातांना घासतात.

मी हळूच म्हटलं, "ताई, तंबाखूचं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"खात नही वं बहीन," त्या म्हणाल्या. "लावस."

खात नाही, लावते. मॅडमनी विचारलं, "एमां फेर शुं?" त्यात फरक काय, ते मला समजावून सांगावं लागलं. खाणं म्हणजे पुरुषांसारखं गालात धरून थुंकणं. लावणं म्हणजे दात घासणं. कमलताई खोटं बोलल्या नव्हत्या. पेस्ट लावली की ब्रशचं मशीन फेस उडवतं, साडी भरते, म्हणून त्यांनी मिशरी घेतली होती. ती चिकटून राहते. शिवाय मशीन छान घासतं म्हणून वरून दाबतही होत्या.

मॅडमनी सळई ट्रेमध्ये ठेवली आणि हुश्श केलं. आत काही मोठा आजार असेल, असं त्यांना वाटत होतं. म्हणाल्या, टाक्यांचं नंतर बघू. मिशरी पूर्ण बंद. पेस्ट वाटाण्याएवढी, तोंड मिटून मग बटण दाबायचं, ब्रश नुसता टेकवायचा.

"मग पोट कसं साफ व्हईन?" कमलताईंनी मला विचारलं.

मिशरी लावल्यावरच त्यांचं सकाळी पोट साफ व्हायचं. गरम पाणी प्या, मॅडम म्हणाल्या. मी माझ्या मनानेच म्हटलं, ताई, मधूनमधून ब्रश दाखवायला येत जा. त्या यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मिशरीवाचून डोकं दुखत होतं, सुनेशी भांडून आल्या होत्या. पण ब्रश पांढरा होता. "मशीनची सवय सुटली," त्या म्हणाल्या, "माझी सुटायला वेळ लागतोय."

सुटली. नंतर मॅडमनी पुन्हा फट मोजली, तेव्हा हिरड्या गुलाबी होत्या, रक्त आलं नाही. खाली गेलेली हिरडी वर येत नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पण आणखी सरकली नव्हती. टाके टळले. कमलताईंनी खुर्चीचा हात सोडला आणि माझा धरला.

ब्रश स्वस्तातला चालतो. त्याच्यावर काय ठेवता ते महत्त्वाचं. आता मॅडम स्वतःच मोडक्या मराठीत विचारतात, "दाताला शुं शुं लावता?" परवा एक आजी म्हणाल्या, काही लावत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "आजी, ओढता का काही?"

"तपकीर," आजी म्हणाल्या. "पण ती नाकाने."