सातव्या होलवरचं पाणी

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. काम होतं सातव्या होलच्या टीजवळ बोर्ड ठोकून घ्यायचं. टी म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तो कापलेल्या गवताचा चौथरा. बोर्डावर मी तो होल कसा खेळावा ते लिहिलं होतं.

मी रायपूरच्या बाहेर एका गोल्फ कोर्सवर मॅनेजर आहे. खेळाचं वेळापत्रक, खेळाडूंच्या पिशव्या उचलणारे कॅडी, गवत, पाणी, तक्रारी, सगळं माझ्याकडे. गवत पाहणारे सुपरवायझर वानखेडे बोर्डाच्या खांबासाठी खड्डा खणत होते.

"मॅडम, काहून एवढं लिहून राहिल्या? वाचत नाही ना हे लोकं."

मी म्हटलं, तुम्ही खांब सरळ लावा.

सातवा होल लहान आहे. एकशे साठ यार्ड, तीन फटक्यांत संपावा असा. पण टी आणि ग्रीनच्या मध्ये तळं आहे. ग्रीन म्हणजे झेंडा असतो ती हिरवळ. ज्याचा फटका तेवढा लांब जात नाही त्याच्यासाठी डावीकडे गवताची रुंद पट्टी आहे. आधी तिथे मारायचं, मग तिथून ग्रीनवर. एखादा फटका जास्त लागतो, पण चेंडू हरवत नाही आणि मागचे लोक खोळंबत नाहीत. बोर्डावर हेच लिहिलं होतं, हिंदीत, बाणासकट.

ही सगळी खटपट पुढच्या रविवारच्या टूर्नामेंटसाठी होती. आदल्या वर्षी सातव्या होलवर अशी रांग लागली की शेवटचा ग्रुप गाड्यांच्या हेडलाइटमध्ये संपवावा लागला. उरल्याच्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, नाक्यावर एक ट्रक आडवा झाला की मागे जे होतं, तेच. स्पॉन्सर नाराज होऊन गेले. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं होतं की या वेळी अंधार झाला तर टूर्नामेंट दुसऱ्या शहरात जाईल आणि इथे मॅनेजर नवीन येईल.

खांब लागेपर्यंत बाबूजींचा ग्रुप आला. बाबूजींची उरल्यात लोखंडाची रोलिंग मिल आहे, वय सत्तरच्या पुढे. सोबतचे तिघे धंद्यातल्या ओळखीचे. गोल्फचा नियम असा की मागच्या होलवर ज्याचे फटके कमी, त्याने आधी मारायचं. आमच्याकडे बाबूजी आधी मारतात.

बाबूजींनी बोर्ड वाचला, "अच्छा लिखा है" म्हणाले, ड्रायव्हर काढला आणि चेंडू पाण्यात घातला. ड्रायव्हर हा सगळ्यात लांब मारणारा क्लब. दुसरा चेंडूही पाण्यात. दंडाचा एक फटका मोजून तळ्याच्या अलीकडून खेळायची मुभा असते. ती त्यांना नको होती. तिसराही गेला, तेव्हा ते खांदे उडवून बाजूला झाले.

मग बाकीच्या तिघांनी मारले. तिघांचेही पाण्यात.

इथे मला खटकलं. त्यातला एक पस्तिशीचा ट्रान्सपोर्टर आहे. सरावाच्या मैदानावर त्याला दोनशे यार्ड मारताना मी पाहिलंय. त्याला बाजूला घेऊन विचारलं. आधी हवेचं कारण सांगितलं. हवा नव्हती. मग हळूच म्हणाला, "दीदी, बाबूजी पानी में और मैं सूखे में? मेरी गाड़ियाँ उनकी मिल में चलती हैं."

म्हणजे चौघांत बुडत एकच होता. बाकीचे सोबत करत होते. बोर्ड कितीही मोठा केला तरी उपयोग नव्हता.

सेक्रेटरीसाहेबांना मी सुचवलं की त्या दिवशी बाबूजींना शेवटच्या ग्रुपमध्ये ठेवू, म्हणजे रांग लागायला मागे कोणी नसेल. ते म्हणाले, उद्घाटनाचा फटका तेच मारणार, शेवटी कसे जातील? मग मी थेट बाबूजींशी बोलले. चहा घेत होते. डावीकडून खेळा म्हटलं. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, उरला में चालीस साल हो गए. बगल से निकलना नहीं आया."

पुढे एक लाल टी आहे, तिथून अंतर एकशे पंधराच. तुमचा चेंडू आरामात पार होईल, असं मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "वो तो लेडीज़ का है."

मी लाल टीवरूनच खेळते.

कोणत्या टीवरून खेळायचं ते जमिनीवर ठेवलेल्या रंगीत मार्करवरून कळतं. पुरुषांचे पांढरे, बायकांचे लाल. हे मार्कर पक्के रोवलेले नसतात. एकाच जागी उभं राहून गवत मरतं म्हणून ते आम्ही इकडेतिकडे सरकवत असतो. त्या दिवशी ते कुठे असावेत हे ठरवणं माझ्या कामात येतं.

रविवारी उजाडताना मी पांढरे मार्कर उचलले आणि लालच्या जागी ठेवले. लाल आणखी पुढे, काठाजवळ नेले. नवीन अंतर स्कोअरकार्डवर छापून घेतलं होतं. लपवाछपवी काही नव्हती. कार्ड कोणी वाचत नाही एवढंच.

बाबूजी सातव्या होलवर आले तेव्हा मी आणि वानखेडे तिथेच होतो. ते पांढऱ्या मार्करमध्ये उभे राहिले. तळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"वानखेडे, तालाब का पानी कम हो गया क्या?"

"हव बाबूजी," वानखेडे म्हणाले, "गरमी लग गई."

वानखेड्यांच्या अंगात स्वेटर होतं.

बाबूजींनी सवयीने ड्रायव्हरच काढला. चेंडू तळ्यावरून गेला, ग्रीनवरूनही गेला आणि पलीकडच्या उंच गवतात पडला. एवढ्या अंतराला ड्रायव्हर लागतच नाही. पण बाबूजींनी टोपी काढून घाम पुसला आणि ती हातातच धरून उभे राहिले.

मग ट्रान्सपोर्टरने फटका मारला. त्याच गवतात. बाकीच्या दोघांनीही तेच केलं. चौघेही ग्रीन चुकले होते आणि चौघेही खूश होते. मुख्य म्हणजे चारही चेंडू कोरड्यावर होते. कॅडींनी ते लगेच शोधले आणि मागचा ग्रुप टीवर पोचेपर्यंत होल मोकळा झाला.

शेवटचा ग्रुप खेळ संपवून आला तेव्हा सूर्य बऱ्यापैकी वर होता. सेक्रेटरीसाहेबांनी स्पॉन्सरना सांगितलं की बोर्डाचा चांगला परिणाम झाला. मी दुरुस्ती केली नाही. कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये पुढे सरकलं.

होल कसा खेळावा हे चेंडूला समजवणं सोपं आहे. मी बोर्ड लिहिला तो चेंडूसाठी. मारणारा माणूस कोणाच्या मागे उभा आहे, ते आधी पाहायला हवं होतं.

बक्षीस समारंभानंतर बाबूजी गाडीकडे जाताना माझ्याजवळ थांबले. नजर पार्किंगकडेच होती.

"कल सुबह दामाद आ रहे हैं, पहली बार खेलेंगे मेरे साथ," ते म्हणाले. "तालाब में पानी इतना ही रखना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. पांढरे मार्कर दोन हात बाजूला सरकवले, तुडवलेल्या गवताला विसावा म्हणून. पाणी तेवढंच ठेवलं.