आमसुलाने घासलेलं नाणं

"पोरगी बोलत नाही, पण नजर चोराची आहे," दाऊदचाचा आत चाचींना सांगत होते. पडवीत बसलेल्या मला ते स्पष्ट ऐकू आलं. ते कौतुक होतं हे थोड्या वेळाने कळलं. चहाबरोबर चाचांनी बिस्किटांचा डबा बाहेर आणला, आणि त्यात बिस्किटं नव्हती.

डब्यात रोमन नाणी होती. चाचा आमच्याच बोर्ली पंचतनचे. त्यांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. एकदा जहाज दुरुस्तीसाठी तुर्कस्तानच्या बंदरात अडकलं, तेव्हा तिथल्या भंगारवाल्याकडून त्यांनी ही मूठभर नाणी घेतली. रोमच्या ताब्यातल्या लहानसहान शहरांनी पाडलेली, तांब्याची, झिजून गुळगुळीत झालेली. मीही नुकतीच नाणी जमवू लागले होते. इंटरनेटवरून दोन मागवली होती आणि एकही ओळखता आलं नव्हतं. इंग्रजी शाळेमुळे मराठी बोलताना मी अडखळायचे, म्हणून चाचांकडे बहुतेक गप्पच बसायचे. त्यांना ते चालायचं.

त्यांची रीत ठरलेली. टेबल खिडकीशी, नाणं आडवं, उजेड बाजूने. "समोरून उजेड पाडलास तर काही सांगायचं नाही ते. तिरका पाड." मग बघायचं: दाढी आहे का, डोक्यावर पानांची माळ आहे की किरणांचा मुकुट, मागे देऊळ की देवी. नाव सगळ्यात शेवटी. मी घाईने एखाद्या सम्राटाचं नाव घेतलं की म्हणायचे, "बेटा, तोंड दिसायच्या आधी बारसं करू नको."

एका नाण्याचं गाव मात्र त्यांना वीस वर्षं सापडलं नव्हतं. तिकडची शहरं नाण्यांवर ग्रीकमध्ये लिहीत, आणि याच्या कडेला शेवटची तीन अक्षरं शाबूत होती. त्यांचा अर्थ, अमक्या गावच्या लोकांचं. ते अमकं गाव कुठलं हे सांगणारी आधीची अक्षरं नुसती सावलीसारखी उरली होती. चाचांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्याचा भरवसा नव्हता. "एवढं एक गाव कळू दे, मग डोळे गेले तरी चालतील," ते म्हणायचे. पुढच्या रविवारी मुंबईचे एक जाणकार हरिहरेश्वरला जाताना त्यांच्याकडे थांबणार होते. त्याआधी तू एकदा बघ, असं म्हणून चाचांनी ते नाणं माझ्या हातात दिलं.

मी ठरवलं, हे आपणच वाचायचं. तीन दिवस खिडकीशी बसले. चौथ्या दिवशी आई मोरीत तांब्याचा हंडा आमसुलाने घासत होती, आणि हंडा कसा लख्ख निघत होता. मी तिच्याकडून एक ओलं आमसूल घेतलं आणि नाणं चोळलं. हिरवट थर निघून गेला, तांबं गुलाबी झालं. सावलीसारखी होती ती अक्षरंही गेली. ती त्या थरातच टिकून होती.

नाणं कागदात गुंडाळून मी काही न बोलता परत दिलं. चाचांनी ते अंगठ्याने चाचपलं. अंगठा मध्येच थांबला. मग ते यंदा सुरमई कशी मिळत नाही ते सांगू लागले.

रविवारी पाहुण्यांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि लगेच भिंग बाजूला ठेवलं. कुणा अडाण्याने घासलंय, आता यातून काही निघायचं नाही, असं म्हणाले. चाचा हसले आणि म्हणाले की म्हातारपणी मलाच घासल्याशिवाय राहवलं नाही.

नाण्यावर फुंकरसुद्धा मारू न देणारा हा माणूस. चाचा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मला त्यांची जहाजं आठवत नाहीत, परक्यासमोर हसत अडाणी ठरून घेणारा तो चेहरा आठवतो.

त्या रविवारी पाहुण्यांसमोर मी उठून उभी राहिले. चाचांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. मी बसले नाही.

"आमसूल मी चोळलं," मी म्हणाले. "चाचांनी नाही. आणि ते गाव मीच शोधणार आहे."